खेकड्याचे दांडे

सहावीचा वर्ग, १९९०-९१ साल. विज्ञानाच्या तासाला सर वाफेचं इंजिन शिकवत होते. फळ्यावर त्यांनी सुंदर चित्र काढलं होतं आणि शेवटी एक खूण सांगितली: चाकांना बाहेरून जोडणारे लोखंडी दांडे असतील तर इंजिन वाफेचं, नसतील तर विजेचं. आपण सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. तेवढ्यात मागच्या बाकावरून रेल्वे कॉलनीत राहणारा आपला एक मित्र उठून म्हणाला, "सर, खेकड्याला आहेत."

सर म्हणाले, "खेकड्याला नांग्या असतात, दांडे नसतात. बस खाली." वर्ग खो खो हसला. मीही हसले. तो खाली बसला.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगते. खेकडा म्हणजे कल्याणच्या यार्डात डबे ओढणारं ते जुनं विजेचं इंजिन. मधे उंच खोली, पुढेमागे लांब बुटकी नाकं, उभं असताना कण्हल्यासारखा आवाज आणि चालताना दांड्यांची सळसळ. आपण शाळेत येताना पुलावरून ते रोज बघत होतो आणि तरी त्याच्या चाकांकडे कुणी नीट पाहिलं नव्हतं. त्याने पाहिलं होतं, कारण त्याचे वडील त्यावर काम करायचे.

दुसऱ्या दिवशी सर वर्गात आले, हजेरी घ्यायच्या आधी त्याला उभं केलं आणि म्हणाले, "काल मी चुकलो. संध्याकाळी पुलावर जाऊन बघून आलो. खेकड्याला दांडे आहेत. का आहेत ते मला माहीत नाही. कोणाला कळलं तर मला सांगा."

सर, जवळजवळ पस्तीस वर्षं लागली, पण सांगते.

इंजिनिअरिंगला मी गेले, पण पोट भरते संगणकाच्या प्रोग्रामवर. इंजिनं हा माझा रविवारचा नाद. त्यातही मला ओढ विचित्र इंजिनांची: एखाद-दुसरं बनलं आणि मोडीत गेलं, किंवा ज्याचं चित्र बघून कुणालाही हसू येईल अशांची. खेकड्याच्या दांड्यांचं उत्तर शोधता शोधता मी या वेड्यावाकड्या कुळात शिरले. त्यामुळे उत्तराकडे थोडं वळसा घालूनच जाते.

सगळ्यात आधी पायांचं इंजिन. हो, पायांचं. इंग्लंडमधल्या डर्बीशर परगण्यात बटर्लीच्या कारखान्यात विल्यम ब्रंटन नावाच्या इंजिनिअरने १८१३ साली एक इंजिन बनवलं. ते चाकांवर उभं होतं, पण त्याला पुढे ढकलायला मागच्या बाजूला घोड्यासारखे दोन लोखंडी पाय होते. वाफेच्या जोरावर एक पाय जमिनीला रेटा द्यायचा, मग दुसरा. ते चालायचंसुद्धा, माणसाच्या चालीने, ताशी चार-पाच किलोमीटर.

चित्र बघून वाटतं, या माणसाला एवढं साधं कळत नव्हतं का? गुळगुळीत रुळावर गुळगुळीत चाक फिरलं तर गाडी पुढे जाते, हे ट्रेविथिकने १८०४ मध्येच वेल्समध्ये दाखवलं होतं. त्याच्या इंजिनाने १० टन लोखंड आणि सुमारे ७० माणसं ओढली होती. पण त्या प्रयोगाचा दुसरा अर्धा भाग आपण विसरतो: इंजिनाच्या वजनाने बिडाचे रूळ तुटत होते. मग इंजिन हलकं करायचं ठरलं. हलकं केलं तर चाकाची पकड सुटून ते जागच्या जागी फिरेल अशी भीती. लीड्सजवळच्या मिडलटन खाणीच्या मार्गावर ब्लेंकिन्सॉपने म्हणूनच १८१२ मध्ये दाते असलेला रूळ टाकला आणि दातेरी चाक लावलं. ब्रंटनने पाय लावले. हलक्या इंजिनाला पकड कुठून आणायची, हा दोघांपुढचा प्रश्न अगदी खरा होता.

उत्तर मिळालं ते त्याच सुमारास, उत्तर इंग्लंडमधल्या वायलमच्या खाणीवर, आणि ते मिळवण्याची पद्धत मला फार आवडते. विल्यम हेडलीने इंजिन बनवलंच नाही. त्याने एक गाडा घेतला, त्याला हाताने फिरवायच्या मुठी लावल्या, मुठी फिरवायला माणसं उभी केली, गाड्यावर वजन ठेवलं आणि मागे कोळशाचे डबे जोडले. वजन कमीजास्त करत पाहिलं, की चाकं केव्हा घसरतात. किती वजनाला किती डबे ओढले जातात हे कळलं आणि पाय, दाते, साखळ्या यांची गरज नाही हेही कळलं. बॉयलर नाही, वाफ नाही, फक्त माणसांचे दंड.

ब्रंटनच्या पायांच्या इंजिनाचा शेवट वाईट झाला. त्याचं दुसरं, मोठं इंजिन डरहॅम परगण्यातल्या न्यूबॉटल खाणीवर होतं. १८१५ मध्ये त्याचा बॉयलर फुटला आणि बघायला जमलेल्या गर्दीतली कित्येक माणसं मेली. दोष पायांचा नव्हता, बॉयलरचा होता. पण नंतर पायांचं इंजिन कुणी बनवलं नाही.

आता एकदम सव्वाशे वर्षं पुढे येते, कारण माझ्या नोकरीत मला ज्याची सगळ्यात जास्त आठवण येते ते इंजिन तिथलं आहे. ऑलिव्हर बुलीड हा इंग्लंडच्या सदर्न रेल्वेचा मुख्य यांत्रिकी इंजिनिअर. हुशार माणूस, आणि त्याला दिसत होतं की विजेच्या गाड्या वाफेला गिळणार. विजेच्या गाडीचं कौतुक कशाचं? ती दोन्ही बाजूंनी चालवता येते, वळवायला फिरता चौथरा लागत नाही, सगळं वजन ओढणाऱ्या चाकांवर असतं, रोज तासभर तेलपाणी करावं लागत नाही. बुलीड म्हणाला, हे सगळं वाफेत का नको? आणि त्याने 'लीडर' आखलं.

बाहेरून ते इंजिन वाटतच नाही, खिडक्या कमी असलेला लांबलचक डबा वाटतो. दोन टोकांना ड्रायव्हरच्या दोन केबिन, मधे फायरमनची खोली. खाली सहा-सहा चाकांचे दोन गाडे, प्रत्येकावर तीन सिलिंडरचं स्वतंत्र यंत्र. चाकं दांड्यांनी नव्हे तर साखळ्यांनी जोडलेली, आणि त्या तेलाच्या बंद पेटीत, म्हणजे रोजचं तेल घालणं नको. वाफ आतबाहेर सोडणाऱ्या झडपाही नव्या पद्धतीच्या. भट्टीभोवती पाण्याच्या भिंती असायच्या, त्या काढून उष्णतारोधक विटा. आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायला बाजूने बोळ हवा, म्हणून बॉयलर मधोमध न ठेवता एका बाजूला सरकवलेला.

यातली प्रत्येक गोष्ट सुटी घेतली तर तिच्या मागे चांगलं कारण आहे. पण सगळ्या एकाच इंजिनात, एकाच वेळी. झडपांची चाचणी एका जुन्या इंजिनावर लावून घेतली गेली, हे खरं. पण ती चाचणी होण्याआधीच पाच लीडर बनवायचं ठरून गेलं होतं. आमच्या धंद्यातल्या कुणालाही हे वाक्य वाचून पोटात गोळा येईल. एक गोष्ट नवी असते तेव्हा बिघाड झाला की तिच्याकडे बोट दाखवता येतं. दहा गोष्टी नव्या असतात तेव्हा रात्रभर जागून काय बिघडलं हेच कळत नाही. मी अशा रात्री काढल्या आहेत आणि त्यांतल्या काहींना कारण मीच होते.

१९४९ च्या जूनमध्ये ब्रायटनच्या कारखान्यातून पहिलं लीडर बाहेर पडलं. ठरवलेल्या वजनापेक्षा कितीतरी जड, १३० टनांच्याही वर. बॉयलर एका बाजूला असल्यामुळे इंजिन त्या बाजूला झुकायचं. उपाय काय केला? ज्या बोळासाठी बॉयलर सरकवला होता, त्याच बोळात चाचण्यांसाठी लोखंडाचे तुकडे भरले. विटा ढासळायच्या. झडपा अडकायच्या. कोळसा आणि पाणी साध्या इंजिनापेक्षा खूपच जास्त लागायचं.

पण मला खरी गोष्ट वाटते ती फायरमनची. बॉयलरला चिकटलेल्या त्या मधल्या बंद खोलीत तो एकटा उभा. बाहेरचं काही दिसत नाही, ड्रायव्हर दूर दुसऱ्या टोकाला. उष्णता सुमारे ५० अंश सेल्सियसपर्यंत जायची. तिथे उभं राहून भट्टीत फावड्याने कोळसा टाकायचा. आपल्याकडे मे महिन्यात चंद्रपूरला पारा एवढा चढत आला की वर्तमानपत्रात पहिल्या पानावर बातमी येते. नकाशावर ती खोली बघितली तर एकदम शिस्तीत आखलेली आहे: हे दार, ही भट्टी, हा कोळसा. त्या चौकोनात माणूस किती वेळ टिकेल हे नकाशा सांगत नाही. पहिल्या दिवशी फायरमन सांगू शकला असता.

लीडरच्या चाचण्या चालू असतानाच बुलीड आयर्लंडच्या रेल्वेत गेला. पाचांपैकी एकच रुळावर धावलं, तेही प्रवासी गाडीला न जोडता. १९५१ पर्यंत सगळी मोडीत निघाली होती.

जर्मनीचं 'रेल झेपेलिन' याच्या उलट. ते जमलं होतं, पण उपयोग नव्हता. फ्रान्झ क्रुकेनबर्गने विमानाचं इंजिन आणि मागे लाकडी पंखा लावलेला चंदेरी डबा बनवला. २१ जून १९३१ रोजी हॅम्बुर्ग-बर्लिन मार्गावर त्याने ताशी २३० किलोमीटरचा वेग गाठला. वीसहून जास्त वर्षं तो विक्रम कुणी मोडला नाही. पण मागे पंखा म्हणजे मागे डबा जोडता येत नाही. आणि तसा उघडा पंखा फिरत असलेली गाडी गर्दीच्या फलाटावर आणणार कशी? दादरला संध्याकाळी साडेसहाला अशी गाडी लागली तर काय होईल, ते प्रत्येकाने आपापल्या मनात बघावं.

कामानिमित्त दिल्लीला गेले असताना एक रविवार मी चाणक्यपुरीतल्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात काढला. तिथे पतियाळा संस्थानची एकरुळी गाडी आहे. १९०७ साली सुरू झाली. रूळ एकच, रस्त्याच्या कडेने. जवळपास सगळं वजन त्या एका रुळावर, आणि गाडी कलंडू नये म्हणून बाजूला एक मोठं चाक, जे साध्या रस्त्यावरून चालायचं. लहान मुलाच्या सायकलला आधाराचं चाक असतं ना, तेच, पण एकाच बाजूला. ओढायला बहुतेक वेळ खेचरं आणि बैल, काही वेळा जर्मनीहून आणलेली छोटी वाफेची इंजिनं. हसू येतं. पण ही गाडी १९२७ पर्यंत, म्हणजे वीस वर्षं चालली. माल वाहिला, माणसं नेली. पुढे मोटारी आल्या आणि ती बंद पडली. विसरलेली इंजिनं १९६० च्या दशकात एका शेडमध्ये सापडली आणि आता संग्रहालयात त्यातलं एक वाफेवर चालवूनही दाखवतात. फार हुशारी नव्हती तिच्यात. रस्ता होता, जनावरं होती, एका रुळाचे पैसे होते. जे होतं त्यात बसवली.

असंच, जे आहे त्यात बसवलेलं, माझं सगळ्यात लाडकं विचित्र इंजिन स्वित्झर्लंडचं. दुसरं महायुद्ध चालू. स्विस देशात कोळसा नाही, सगळा बाहेरून यायचा, तो महाग झाला आणि मिळेना. वीज मात्र डोंगरातल्या धरणांची, हवी तेवढी. यार्डात वाफेची छोटी इंजिनं उभी. स्विस रेल्वेने १९४२-४३ मध्ये त्यांतल्या दोघांच्या टपावर पँटोग्राफ बसवला आणि बॉयलरचं पाणी विजेने उकळायला सुरुवात केली. म्हणजे आपण बादलीत हीटर टाकतो तसं, फक्त वर १५,००० व्होल्टची तार. एकदा वाफ साठली की तार नसलेल्या फाट्यावरही काही वेळ काम करता यायचं. विजेने पाणी उकळून वाफेने चाक फिरवणं हा पुस्तकी हिशेबाने मूर्खपणा आहे. कोळसा संपलेल्या देशात तो शहाणपणा होता. युद्ध संपलं, कोळसा आला, हीटर निघाले.

कोळशाचा हा धडा स्विस लोकांनी पहिल्या महायुद्धातच घेतला होता, आणि इथून आपण खेकड्याकडे वळतो. त्या युद्धातल्या टंचाईनंतर त्यांनी गॉटहार्डच्या घाटातली मोठी चढण विजेवर आणली. तिथे मालगाड्या ओढायला १९१९ पासून एक लांब नाकाचं इंजिन आलं. लोकांनी त्याचं नाव ठेवलं मगर. गॉटहार्डचा चढ साधारण हजाराला २६-२७. आता आपला बोरघाट बघा: कर्जतहून लोणावळ्याला चढताना ३७ ला १, म्हणजे हजाराला २७. जवळजवळ तोच चढ, तीच वळणं, तेच बोगदे. १९२० च्या दशकात जी. आय. पी. रेल्वेने कल्याणपुढचे दोन्ही घाट विजेवर न्यायचं ठरवलं तेव्हा मालगाड्यांसाठी मगरीच्याच वळणाचं इंजिन निवडलं. एकूण ४१ आली. पहिली काही स्वित्झर्लंडच्या विंटरथूरमधल्या त्याच कारखान्यातून, जिथे मगर बनली होती, बाकीची इंग्लंडमधून. त्यांतल्या एकाला मुंबईच्या गव्हर्नरचं नाव दिलं, 'सर लेस्ली विल्सन'. तेही आता दिल्लीच्या त्याच संग्रहालयात आहे. कागदावर नाव डब्ल्यूसीजी-१. मगर इथे येऊन खेकडा झाली, आणि कुणी ठेवलं असेल ते असो, नाव अगदी बरोबर ठेवलं.

आता दांडे का, ते. त्या काळात जोरदार विजेच्या मोटारी आकाराने मोठ्या आणि वजनदार असत. चाकांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, आसाला टांगून ठेवण्याइतक्या त्या लहान नव्हत्या. टांगल्या असत्या तरी स्प्रिंगच्या आधाराशिवायचं ते वजन प्रत्येक सांध्यावर रुळाला घणासारखं बसलं असतं. मग मोटारी वर घ्यायच्या. खेकड्याच्या लांब नाकांत काय आहे याचं उत्तर हेच: मोटारी, दोन पुढच्या नाकात, दोन मागच्या. चारही मिळून २,६०० अश्वशक्ती. पण मोटार वर आणि चाक खाली, जोर खाली आणायचा कसा? वाफेच्या इंजिनवाल्यांनी शंभर वर्षं घासून पक्की केलेली वस्तू हाताशी होतीच. मोटारीने दातेरी चाकांतून एक आडवा आस फिरवायचा आणि त्या आसापासून दांड्याने तीनही चाकांना जोर द्यायचा. त्यात घाटाला हवा असलेला आणखी एक फायदा फुकट: तीन चाकं एकमेकांना बांधलेली असली की त्यांतलं एक चाक एकटंच घसरून गरगरत बसत नाही. ब्रंटनने ज्या पकडीसाठी पाय लावले, तीच पकड.

आणि नाकं मधल्या खोलीपासून सुटी का? घाटातल्या वळणावर एवढं लांब इंजिन अखंड असतं तर अडकलं असतं. नाकं आपापल्या चाकांबरोबर वळतात, मधली खोली त्यांच्यावर टेकून असते.

सर, तुमची खूण अगदीच चूक नव्हती. १९३० मध्ये दख्खनची राणी सुरू झाली तेव्हा तिला ओढणारं विजेचं इंजिन खेकड्याच्याच वयाचं, पण त्याला दांडे नव्हते. तिथे प्रत्येक आसाला वेगळी रचना होती. ते वेगासाठी होतं, खेकडा ताकदीसाठी. पुढे मोटारी लहान झाल्या, आसाजवळ बसू लागल्या आणि दांडे गेले. खेकडे घाटातून उतरून यार्डात आले, डबे इकडून तिकडे करत राहिले, आणि आपण दहावीला पोचेपर्यंत दिसेनासे झाले.

हा लेख लिहायच्या आधी मी त्या मित्राला फोन केला. आता तोही रेल्वेतच आहे. त्या दिवशी वर्ग हसला तेव्हा मीही हसले होते, हे त्याला सांगायचं होतं. तो म्हणाला, त्याला हसणं आठवत नाही, दुसऱ्या दिवशीचं आठवतं. घरी जाऊन त्याने वडिलांना सांगितलं, की सर म्हणाले मी चुकलो. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्याला यार्डात घेऊन गेले आणि दाखवलं, की गाडी थांबली की दांड्यांच्या सांध्यांना उलटा हात लावून बघायचा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर आत काहीतरी घासतंय, तेल कमी पडलंय. तळहात लावायचा नाही; भाजला तर दुसऱ्या दिवशी कामाला लागतो.

मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात एक खेकडा उभा आहे. संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही काही जण तिथे जाणार आहोत. सर येतो म्हणाले आहेत.